हलक्या हाताने ओढलेली रेघ

सोमवार, ३

घरच्या डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, पट्टा सोडला, पुन्हा बांधून पुन्हा मोजला आणि म्हणाले, "बाई, जे बोलावंसं वाटतं ते बोलू नका. लिहून काढा." म्हणून ही वही. नवऱ्याने ती हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली. "दोनशे पानी? महिनाभर तरी पुरेल ना?" पहिली नोंद त्याच्यावरच करणार होते, पण त्याच्यावर पान खर्च करावं असं काही तो करत नाही.

तर कामाचं. मी हॉस्पिटलच्या बुरशी विभागाची प्रमुख तंत्रज्ञ. माणसाच्या नखात, फुप्फुसात, जखमेत, डोळ्यात जी बुरशी बिऱ्हाड करते, तिला आम्ही प्लेटमध्ये खाऊपिऊ घालून वाढवतो, ओळखतो आणि डॉक्टरांना तिचं नाव कळवतो. विभागात माणसं तीन. मी. मग प्लेटमधलं खाद्य शिजवणारा आमचा स्वयंपाकी, जो दिवसभर बटाटे उकडतो आणि घरी गेल्यावर बटाट्याला हात लावत नाही. आणि माझी सहायक, हळूबाई. ती माझ्याबरोबर एकोणीस वर्षं आहे आणि त्यातलं निम्मं मला ऐकू आलेलं नाही.

सगळ्या प्रयोगशाळांच्या साहेबांनी आज बैठक घेतली. शुक्रवारी २१ तारखेला बाहेरून तपासणी समिती येणार. ते सगळ्यात आधी एकच आकडा बघतात: शंभरातल्या किती प्लेटवर हवेतून उडून आलेली फालतू बुरशी वाढली. आम्ही तिला 'पाहुणी' म्हणतो. आमचा पाहुण्यांचा टक्का दीड. शहरात बुरशीचं काम करणारी दुसरी एकच जागा आहे, पुलापलीकडची प्रयोगशाळा. तिथे साडेचार. मी बैठकीत हे सांगितलं नाही. फक्त साहेब सांगतील अशी वेळ आणली.

समितीसाठी आणखी एक नवा नियम. आता नमुन्यावर रुग्णाचं नाव, वय, दवाखाना काही नाही. फक्त क्रमांक. मला पसंत आहे. नाव आलं की दया येते आणि दया आली की माणूस काचेवर नसलेलं बघतो.

बुधवार, ५

शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांपुढे माझं व्याख्यान झालं. डोळ्याचा नमुना किती असतो? बुबुळ खरवडून पात्याच्या टोकावर येईल तेवढा, म्हणजे असून नसल्यासारखा. तो डॉक्टरने तिथल्या तिथे प्लेटवर टेकवायचा, चंद्रकोरीसारख्या छोट्या रेघा ओढत. मग आमचं काम सोपं. रेघेवर उगवलं ते डोळ्यातलं. रेघेबाहेर उगवलं ते हवेतलं, पाहुणी. हा नियम विभागाच्या कार्यपद्धतीत मीच लिहिला आहे, पान बारा.

पण हे डॉक्टर लोक प्लेटवर नांगर चालवतात. रेघ कसली, चर पडतो. मी चिरफाळलेल्या प्लेटचे फोटो दाखवले. सगळे हसले. "हलक्या हाताने," मी म्हटलं. "बाळाच्या गालावरून बोट फिरवावं तशी रेघ ओढा." मागच्या रांगेतल्या एका तरुण डॉक्टरणीने हे शब्दशः लिहून घेतलं. माझं बोलणं लिहून घेणारी माणसं मला समजूतदार वाटतात.

शनिवार, ८

नणंदेच्या उजव्या डोळ्याला कुंपणाच्या झुडपाचं पान लागलं. ती स्वतः कातरत होती. माळ्याला सरळ रेघ दिसत नाही म्हणे.

आमच्या ताई म्हणजे छापखान्यातल्या निवृत्त मुद्रितशोधक. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं आणि आता हौसेखातर काढतात. माझ्या किराणाच्या यादीतसुद्धा लाल पेनने वेलांट्या दुरुस्त करतात. अजूनही घरी बसून एका प्रकाशकाची मुद्रितं तपासतात. डावा डोळा लहानपणापासून अधू, त्याला नुसता उजेड आणि अंधार कळतो. सगळा कारभार उजव्यावर.

मी फोनवर म्हटलं, "ताई, आमच्या हॉस्पिटलात या. डोळ्यांच्या विभागप्रमुखांना मी सांगते."

"नको," त्या म्हणाल्या. "तू सांगशील, मग तो मला नीट बघेल, मग मला तुझं नीट बघावं लागेल. माझी मी जाईन."

मंगळवार, ११

ताई बॅग घेऊन राहायला आल्या. डोळा लाल, पाणी गळतंय, उजेड सोसत नाही. चौकातल्या चष्म्याच्या दुकानावर कुणी नवी डॉक्टरीण बसते, तिला दाखवलं. तिने जंतूंवरचे थेंब दिलेत. दुकानावरची डॉक्टर! मी काही बोलले नाही. नवरा म्हणाला, "तुझं काही न बोलणं फार ऐकू येतं."

दिवाणखान्यातले पडदे ओढून घेतलेत. अंधारात बसून ताईंनी मला विचारलं, घरात धूळ आहे का. त्यांना दिसत नाही म्हणून विचारतात, की आहे म्हणून?

गुरुवार, १३

कामाचा दिवस. नखं अकरा, थुंकी चार, डोळा एक. डोळ्याचा क्रमांक ३१७. एक स्लाइड आणि एकच प्लेट. नमुनाच एवढासा होता की डॉक्टरला दुसरी भरता आली नसणार.

हळूबाईने स्लाइडवर पोटॅशचा थेंब टाकला. त्याने बाकीचं सगळं विरघळतं आणि बुरशी असली तर तिचा धागा तेवढा उरतो. बराच वेळ मायक्रोस्कोपला चिकटून बसली आणि मग काहीतरी पुटपुटली.

"काय?"

"एक धागा आहे."

मी बघितलं. होता. "कापसाचा आहे. डॉक्टरने बोळा वापरला असेल."

"फांदी दिसतेय."

"कुठे?"

"कडेला. कापसाला फांदी फुटत नाही." एवढं सलग ती वर्षातून एकदा बोलते.

मी पुन्हा बघितलं. दोन धागे एकमेकांवर पडले की फांदीसारखे दिसतात, हे मी विद्यार्थ्यांना शिकवते. 'कापूस' असं लिहायला सांगितलं. तिने लिहिलं. तिच्या अक्षरात राग आला तरी कळत नाही, एवढं ते बारीक.

घरी आले तर ताई पलंगावर आडव्या. आज डॉक्टरणीने डोळा खरवडला. "सुन्न करून खरवडला, तरी पात्याचा आवाज ऐकू येतो गं," म्हणाल्या. मी त्यांना चहा दिला. साखर जास्त पडली होती, त्यांनी ते सांगितलं. म्हणजे प्रकृती ठीक आहे.

शनिवार, १५

पाहुण्यांच्या टक्क्याची आज अखेरची बेरीज. समितीपुढे हाच आकडा जाणार. आणि आजच ३१७च्या प्लेटवर मधोमध दोन पांढरे ठिपके. जरा कापसाळलेले. रेघ शोधली. उजेडाकडे धरून शोधली, भिंगातून शोधली. रेघच नाही. प्लेट आरशासारखी गुळगुळीत. जिथे रेघच नाही तिथे रेघेवर काय उगवणार? पाहुणी.

आता इथे एक बारीकशी गोष्ट आहे आणि वही माझी असल्यामुळे लिहिते. पाहुणी आली असं पुस्तकात मांडलं तर टक्का एक पूर्णांक सात होतो. शिवाय डॉक्टरला कळवून डोळा पुन्हा खरवडायला लावायचा, म्हणजे समितीच्या आठवड्यात बोंबाबोंब. उलट असं बघितलं की प्लेटचा काही उपयोग झाला नाही, उरली स्लाइड, आणि स्लाइडवर कापूस, तर रिपोर्ट आपोआप लिहिला जातो: 'बुरशी आढळली नाही.' यात खोटं एक अक्षर नाही. आढळली असं कोण म्हणेल?

सही केली. प्लेट हळूबाईकडे दिली आणि सांगितलं, वाफेच्या भांड्यात घाल, नष्ट कर. नष्ट केल्याची नोंद मीच केली, कारण तिचं अक्षर समितीला वाचता येणार नाही.

टक्का दीडच. संध्याकाळी डोकं दुखत होतं, पण आनंदानेही दुखतं.

सोमवार, १७

ताईंचा रिपोर्ट आला. म्हणजे डॉक्टरणीने फोनवर सांगितला. बुरशी नाही.

"पण दुखणं तर वाढतंच आहे," ताई म्हणाल्या. "कालपर्यंत खिडकी दिसत होती. आज खिडकीचा उजेड दिसतो."

मी टॉर्च लावून पाहिलं. बुबुळावर पांढुरका डाग, कडा पिसासारख्या विस्कटलेल्या. बुरशीचा हा चेहरा मी पुस्तकात पाहिला आहे.

"ताई, नमुना कुठल्या प्रयोगशाळेत गेला होता?"

"मला काय माहीत! तिने कुठेतरी पाठवला."

कुठेतरी म्हणजे कुठे, हे मला सांगायला नको. पुलापलीकडे. त्यांच्या नाकावर बुरशी उगवली तरी ते 'वाढ नाही' असा रिपोर्ट देतील. मी ताईंना सगळं समजावलं. डोळ्याचा नमुना म्हणजे काय, तो किती जपायचा, एखादा धागा दिसला तरी दहा वेळा बघायचा, शंका आली तर डॉक्टरला फोन करून पुन्हा मागायचा. "पण तेवढी पर्वा असावी लागते ना! आकडे चांगले दिसले की झालं यांचं. अशा जागांना टाळं ठोकायला हवं." नवरा टाळ्या वाजवायच्या बेतात होता.

ताई म्हणाल्या, "तू एवढं चांगलं बोलतेस, तर तुझ्याकडेच यायला हवं होतं मी."

त्यांनी माझं कौतुक केलं अशी ही पहिली नोंद. खाली दोन रेघा मारते.

बुधवार, १९

आज वहीने माझा रक्तदाब वाचवला की वाढवला, डॉक्टरांना विचारायला हवं.

परवाच्या तपासणीसाठी प्लेटा उबेत ठेवायचा इन्क्युबेटर पुसून घ्यावा म्हणून मी स्वतः वाकले. सगळ्यात खालच्या कप्प्यात, पाण्याच्या तबकामागे, एक प्लेट उपडी. उचलली. ३१७.

मी हाक मारली. ती हाक बटाट्यांपर्यंत पोचली, स्वयंपाकी बाहेर येऊन उभा राहिला.

"ही नष्ट झालेली आहे!" मी म्हटलं. "पुस्तकात नोंद आहे!"

"नोंद तुम्ही केलीत," हळूबाई म्हणाली. "मी नाही केली."

"आणि समितीने हात घातला असता तर? चार दिवस कशासाठी जपलीस ही घाण?"

"डोळ्याच्या प्लेटा मी पंधरा दिवस टाकत नाही."

"हे कुणी शिकवलं तुला?"

"तुम्ही. पहिल्या वर्षी."

स्वयंपाकी आत गेला. बटाटे उतू गेले असतील.

मी प्लेट फेकायला निघालेच होते, पण चोवीस वर्षांच्या सवयीने आधी उजेडाकडे धरली. दोन ठिपक्यांचे सहा झाले होते. पांढरा कापूस, खालून जांभळट झाक. आणि सहाही एका ओळीत, वाकड्या ओळीत. नखाच्या कडेसारखी, व्यवस्थित, पूर्ण चंद्रकोर.

रेघ होती. बाळाच्या गालावरून बोट फिरवावं तशी.

बुरशीला चिकटपट्टी टेकवली, निळ्या रंगाच्या थेंबावर ठेवली, मायक्रोस्कोपखाली बघितली. केळ्याच्या आकाराचे बीजाणू, आडवे पडदे पडलेले, फण्याच फण्या. या बुरशीला ओळखायला चोवीस वर्षं लागत नाहीत, चोवीस मिनिटं पुरतात. फ्युजेरियम. झाडापाल्यावर राहते. डोळ्यात शिरली तर बुबुळाला भोक पाडते.

हळूबाईनेही बघितलं. काही म्हणाली नाही. किंवा म्हणाली असेल.

आता काय? दुरुस्त रिपोर्ट काढायचा म्हणजे आधीचा चुकला असं लिहून द्यायचं. नष्ट झालेल्या प्लेटवरून. समिती यायच्या आदल्या दिवशी. दुरुस्त रिपोर्टांची वेगळी फाइल असते आणि समिती तीच आधी मागते. आमची फाइल दोन वर्षं कोरी आहे, ती मी मुद्दाम वर ठेवली होती. दोन दिवसांनी, समिती गेल्यावर कळवलं तर? क्रमांकाला दोन दिवसांत काय होणार आहे? क्रमांकाला डोळा नसतो.

प्लेट इन्क्युबेटरमध्ये परत ठेवली. वरच्या कप्प्यात. घरी आले.

जेवताना ताई म्हणाल्या, "उद्या संध्याकाळपासून डॉक्टरीण वेगळे थेंब देणार आहे. सूज उतरवायचे. रिपोर्टात बुरशी नाही ना, मग चालतात म्हणे."

"स्टेरॉइडचे?"

"तसंच काहीतरी."

"बुरशी असताना ते थेंब म्हणजे शेताला खत," मी म्हटलं. "दोन दिवसांत डोळा जातो."

"पण नाही ना बुरशी?"

"रिपोर्ट म्हणतो नाही."

"मग झालं तर," ताई म्हणाल्या आणि ताटात भात कुठे आहे ते बोटांनी शोधू लागल्या.

मला जेवण गेलं नाही. पुलापलीकडच्या नालायकांमुळे आमच्या घरी हे, आणि इकडे कुणाच्या तरी घरी आमच्या ३१७ने हेच ताट मांडलेलं असेल. तिथली वहिनी मला काय म्हणत असेल, हे मला पाठ आहे. परवाच म्हटलंय मी ते.

गुरुवार, २०

सकाळी साहेब यायच्या आत दुरुस्त रिपोर्ट टाइप केला. 'आधीचा निष्कर्ष चुकीचा होता. फ्युजेरियम जातीची बुरशी आढळली.' कारणाच्या रकान्यात 'तांत्रिक' लिहिलं, खोडलं, 'रेघ दिसली नाही' लिहिलं. सही केली.

साहेबांनी वाचला. "हे आजच काढायला हवं होतं का?"

"शनिवारी काढायला हवं होतं."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं मी दिवाणखान्यातल्या धुळीकडे बघते.

मग कार्यालयातून क्रमांकाचा दवाखाना काढून घेतला आणि फोन लावला. पलीकडे तरुण आवाज. "बाई, तुम्ही? मी होते तुमच्या व्याख्यानाला! तुम्ही सांगितलंत तशीच हलक्या हाताने रेघ ओढली मी." मी म्हटलं, छान ओढलीत. बुरशी आहे, स्टेरॉइड देऊ नका, बुरशीवरचे थेंब सुरू करा, दर तासाला. तिचा श्वास ऐकू आला.

"बरं झालं बाई, आज संध्याकाळीच देणार होते. मला तर धडकीच भरली होती, पेशंटचा दुसरा डोळा लहानपणापासून अधू आहे. आणि मुद्रितं तपासतात हो त्या, अजून."

मी म्हटलं, "हो का."

फोन ठेवल्यावर रजेचा अर्ज मागवला. उद्यापासून आठ दिवस. कारण: घरी आजारी माणूस. साहेब म्हणाले, "उद्या? समितीच्या दिवशी?" मी किल्ल्या हळूबाईच्या टेबलावर ठेवल्या. पुलापलीकडच्या प्रयोगशाळेबद्दल या वहीत जे लिहिलंय ते खोडणार होते, पण पेन चाललं नाही. राहू दे.

शुक्रवार, २१

थेंब सात, आठ, नऊ, दहा वाजता आणि असेच पुढे. डॉक्टरीण घरी येऊन बघून गेली. भोक पडलेलं नाही. डाग राहील, किती राहील ते थेंब ठरवतील. जिन्यात तिने मला ओळखलं. मी ओठांवर बोट ठेवलं. ती बिचारी मान डोलावून हलक्या पावलांनी गेली. हलकेपणा तिच्या अंगवळणीच पडलाय.

ताईंना वाटतंय मी त्यांच्यासाठी रजा काढली. काढलीच आहे. तरी त्यांनी दोनदा "तुला त्रास" म्हटलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी आपटली.

दुपारी हळूबाईचा फोन. मी तीनदा "काय?" म्हटलं. समितीने दुरुस्त रिपोर्ट बघितला, प्लेट मागितली, चंद्रकोर बघितली आणि एक सदस्य म्हणाला की अशी प्लेट त्याने कधी पाहिली नाही. साहेबांनी ती जपण्याची पद्धत आपली असल्याचं सांगितलं.

"आणि तू काय सांगितलंस?"

"काय म्हणालात?" हळूबाई म्हणाली. तिने मला ही संधी एकोणीस वर्षांत पहिल्यांदा दिली आणि मला प्रश्न पुन्हा विचारवला नाही.

रविवार, २३

ताईंना खिडकी दिसली. नुसता उजेड नाही, खिडकी.

त्यामुळे अंगात बळ आलं आणि त्यांनी उशाची फाइल मागितली. "डॉक्टरीण दोन रिपोर्ट ठेवून गेलीये. वाचून दाखव."

"त्यात काय वाचायचंय? पहिल्यात नाही, दुसऱ्यात आहे."

"वाच."

मी पहिला वाचला. नमुना: बुबुळ, उजवा. निष्कर्ष: बुरशी आढळली नाही.

"वरचं गाळलंस."

"वर काही नाही."

"कागदाला डोकं असतं. चाळीस वर्षं कागद बघितलेत मी, आता ऐकते आहे एवढंच. डोक्यापासून वाच."

डोक्यापासून वाचलं. हॉस्पिटलचं नाव. विभागाचं नाव. बाहेर नवऱ्याने रेडिओ बंद केला.

"आता खाली. सही कुणाची?"

"माझी."

"आणि दुसऱ्यावर?"

"माझीच."

ताई छताकडे बघत होत्या, म्हणजे डोळे तिकडे होते. मी सांगायला सुरुवात केली: रेघ, कापूस, टक्का, समिती. त्यांनी मध्येच हात वर केला.

"चूक कुणी पकडली?"

"हळूबाईने."

"मग तिची सही कुठंय?"

"तशी जागा नाही रिपोर्टात."

"जागा नसतेच कधी. समासात करायची."

मी वाट बघत होते. मी त्यांच्या जागी असते तर काय काय बोलले असते, ते सगळं मला ऐकू येत होतं आणि त्यातलं एकही त्या बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, किती वाजले. चार. थेंबाची वेळ. मी बाटली उघडली, पापणी वर धरली. थेंब गालावर पडला.

"परत," ताई म्हणाल्या.